दार कोणी लावलं?

नाशिकजवळच्या एकलहऱ्याहून काळाराम मंदिर असलेली पंचवटी तासाभरात गाठता येते. इथल्या आठवीतल्या मुलाला काळाराम मंदिर सत्याग्रहाबद्दल विचारा, पुस्तकातलं सगळं घडाघडा सांगेल: २ मार्च १९३०, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, कर्मवीर दादासाहेब गायकवाड. मग विचारा, त्या दिवशी मंदिराचे दरवाजे बंद कोणी केले? इथे तो अडतो. आपल्या इतिहासाच्या तासाला अन्याय सोसणारे दिसतात, अन्याय करणारे दिसत नाहीत.

त्या दिवशी, अस्पृश्यांना मनाई असलेल्या या मंदिरात प्रवेश मागायला, सुमारे १५ हजार माणसं शांतपणे मंदिराकडे चालत आली. दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून तुकड्या पाळीपाळीने चारही दारांसमोर बसू लागल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. तडजोडीसाठी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींच्या अध्यक्षतेखाली सभा भरली, ती सनातन्यांनी दगड आणि जोडे फेकून उधळली. ९ एप्रिलला रामाच्या रथाची मिरवणूक होती. रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा ठराव झाला होता. आयत्या वेळी तो मोडला आणि दगडफेक झाली. यापुढचं तर मुलांना कोणी सांगतच नाही. नाशकात हक्क मागितल्याबद्दल खेड्यापाड्यांत अस्पृश्यांची कोंडी झाली. वाटा बंद झाल्या, दुकानातून सामान मिळेना, मुलांना शाळेतून काढलं. हा अन्याय आठवीतल्या कुठल्याही मुलाला समजावून द्यावा लागणार नाही.

आणि हा लढा जिंकला गेला नाही, हेही सांगायला हवं. गांधीजी दांडीला निघाले ते याच मार्चच्या १२ तारखेला. देशभर मीठ उचललं गेलं, नाशकातलं दार मात्र उघडलं नाही. १९३३ साली साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहीत होते तेव्हाही नाही. सुमारे पाच वर्षांनी सत्याग्रह थांबला. १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. मुंबई प्रांताचा मंदिर प्रवेशाचा कायदा आला १९४७ मध्ये. काळाराम आणि येवला हे वेगवेगळ्या टिपांचे विषय नव्हेत. पहिलं नीट कळल्याशिवाय दुसऱ्याचा अर्थच लागत नाही.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. एकलहऱ्याच्या वसाहतीत वीज केंद्रामुळे राज्यभरातून माणसं आली. दारापुढे बसलेल्यांची पतवंडं आणि दार लावणाऱ्यांची पतवंडं इथे एकाच बाकावर असू शकतात. मुलांत तेढ वाढेल, घरून तक्रार येईल, ही भीती खोटी नाही. पण न सांगितल्याने जात वर्गाबाहेर राहत नाही. आडनाव विचारलं गेलं की ती आत येतेच. सवर्ण मुलाला कोणी आरोपी करायचं नाही. त्याला इतकंच कळावं की दार लावणारे राक्षस नव्हते, याच शहरातले प्रतिष्ठित, देवभोळे, घरंदाज लोक होते, आणि तरीही त्यांनी हे केलं. दलित मुलाकडे वर्गाने कीव करून पाहावं, असं तर मुळीच होऊ नये. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या दादासाहेबांनी गावोगावची माणसं जमवून वर्षानुवर्षं लढा कसा टिकवला, हे त्याने अभिमानाने ऐकावं.

जर्मनीत बव्हेरियातल्या शाळा मुलांना दाखाऊच्या छळछावणीत नेतात. तो गुन्हा वेगळ्या जातीचा होता, त्याची काळारामशी तुलना मी करत नाही. पण आपल्याच लोकांनी जिथे अन्याय केला ती जागा आपल्याच मुलांना दाखवायची, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. आपली शाळेची सहलही काळारामला जातेच. मुलं दर्शन घेतात, काळ्या पाषाणाचं बांधकाम पाहतात, सीतागुंफेकडे वळतात. सत्याग्रहाची गोष्ट तिथेच, दारापाशी उभं राहून कितीजण सांगतात?

२०३० मध्ये या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. कमानी, भाषणं होतील. त्याआधी नाशिक जिल्ह्यातल्या शाळांनी एवढं करावं: आठवीच्या मुलांना मंदिराच्या दारापाशी नेऊन हा सगळा घटनाक्रम सांगावा, आणि परत आल्यावर ‘टीप लिहा’ऐवजी विचारावं की त्या दिवशी दार बंद ठेवणाऱ्यांनी स्वतःला काय पटवलं असेल.