दूध कोमट, डोकं थंड!

पूर्वी बारशाला चांदीची वाटी यायची, खुळखुळा यायचा, फार तर झबली-टोपडी. हल्ली बॉटल वॉर्मर येतो! आमच्याकडे तर दोन आले. दिसायला एकदम क्यूट, वर डिजिटल डिस्प्ले, खाली निळा लाइट आणि 'कीप वॉर्म' नावाचं एक बटण. सोबत बारीक अक्षरातलं माहितीपत्रक, जे रात्री ३ वाजता रडणारं बाळ खांद्यावर घेऊन वाचणं केवळ अशक्य! तेव्हा या आठवड्याचा आपला विषय हाच. बाळाचं दूध कोमट करायचं कसं, कशात, आणि मुळात करायचं का?

'हा तर बायकांचा विषय' म्हणून पान उलटणार असाल, तर बॉस, थांबा. हा विषय बाबालोकांचाच आहे. साधा हिशोब बघा. २०१७ पासून मॅटर्निटी लीव्ह २६ आठवड्यांची झाली. पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे कागदावर गणित अगदी फिट्ट बसतं. पण या २६ आठवड्यांतले ८ आठवड्यांपर्यंतचे बाळंतपणाआधी घेता येतात आणि शेवटच्या महिन्यात लोकल किंवा बसचे धक्के नकोत म्हणून त्यातले थोडे संपतातच. ऑफिसचं आयकार्ड पुन्हा गळ्यात पडतं, तेव्हा बाळ जेमतेम ५ महिन्यांचं असतं. मग ब्रेस्ट पंप येतो, फ्रीजमध्ये तारीख-वेळ लिहिलेले छोटे डबे येतात आणि दूध पाजण्याच्या खात्यात पहिल्यांदाच बाबाची एन्ट्री होते. दूध तयार करणं आपल्या हातात नाही. ते नीट पाजणं मात्र शंभर टक्के आहे.

आता पहिला मुद्दा, जो ऐकून आमच्या घरी दोन्ही आज्यांनी डोळे मोठे केले होते. बाळाला गरम दूध लागत नाही! आईचं दूध शरीराच्या तापमानाचं, म्हणजे साधारण ३७ अंशांचं असतं, म्हणून बाळाला कोमट आवडतं, इतकंच. पूर्ण दिवसांच्या, ठणठणीत बाळाला रूम टेम्परेचरचं दूध चालतं. थेट फ्रीजमधलं त्यानं आनंदानं प्यायलं तरी काही बिघडत नाही. (बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, तर डॉक्टर सांगतील तोच कायदा.) म्हणजे कोमट करायचं ते बाळाची आवड म्हणून. त्यासाठी जीव टाकून धावायची गरज नाही.

करायचंच असेल तर पद्धत अगदी सोपी. एका भांड्यात पाणी तापवा. गॅस बंद करा. भांडं ओट्यावर ठेवा आणि झाकण घट्ट लावलेला दुधाचा डबा त्यात काही मिनिटं उभा करा. पाणी झाकणापर्यंत येऊ देऊ नका, नाहीतर ते दुधात शिरतं. आईचं दूध फ्रीजमध्ये ठेवलं की वर सायीसारखा थर जमतो. घाबरू नका, ते नासलेलं नसतं. डबा हलकेच गोल फिरवला की थर पुन्हा मिसळतो. मग दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाका. कोमट लागलं तर ओके. चटका जाणवला तर थांबा.

आणि मायक्रोवेव्ह? नो वे! मायक्रोवेव्हमध्ये दूध सगळीकडे सारखं तापत नाही. बाहेरून बाटली थंडगार लागते आणि आत मधेच कुठेतरी दूध पोळण्याइतकं गरम झालेलं असतं. बाळाचं तोंड भाजायला एवढं पुरतं. शिवाय जास्त तापलं की आईच्या दुधातले कामाचे घटकही कमी होतात. बाटली थेट गॅसवर ठेवणं किंवा उकळत्या पाण्यात सोडणं हेही त्याच कारणानं बाद.

ही सगळी थिअरी पुण्याच्या फ्लॅटमध्ये छान चालते. तिची खरी परीक्षा झाली ती पोंभुर्ण्याला. पोंभुर्णा म्हणजे माझं गाव. चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, आजूबाजूला धानाची बांधी आणि जंगल. (शेजारच्या तालुक्याचं नाव तर चक्क मूल!) मे महिन्यात आम्ही तिघं तिकडे गेलो. बायकोचं वर्क फ्रॉम होम, माझी सुट्टी, लेक ७ महिन्यांची. वॉर्मर अर्थातच बॅगेत. आईनं ते प्रकरण उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "कायले पायजे गा हे मशीन? गंजात पानी तापव, खाली उतरव, त्यात ठेव. झालं ना!" गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. वर दिलेली पद्धत आणि आईची पद्धत यात एका शब्दाचाही फरक नाही.

पण मे महिन्यात तिथे गंजाचीही गरज पडत नाही. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. दूध फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवलं की बघता बघता आपोआप कोमट! इथेच खरी गोम आहे. काढलेलं दूध बाहेर ४ तास टिकतं, हे आपण सगळीकडे वाचतो. ते ४ तास २५ अंशांच्या खोलीसाठी आहेत. पोंभुर्ण्याच्या दुपारी ती खोली आणायची कुठून? कूलर लावूनही नाही! आम्ही घरात नियमच केला, की दूध काढलं की लगेच पाजायचं, नाहीतर थेट फ्रीजमध्ये. मधला पर्याय नाही.

आणि मग एका संध्याकाळी वादळ आलं. लाइट गेली, ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आलीच नाही. दार न उघडता बंद ठेवलेला फ्रीज साधारण ४ तास गारवा धरतो. इथे रात्र सरली होती. आत दोन डबे होते. आदल्या दिवशी कॉल्सच्या मधे, कॅमेरा बंद करून, बायकोनं मिनिटामिनिटानं साठवलेलं दूध. वास ठीक वाटत होता. "एवढं कायले फेकता?" आई हळहळली. बायकोनं काही न बोलता दोन्ही डबे मोरीत ओतले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. दूध वाया जाणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. पण त्या उन्हाळ्यात ७ महिन्यांच्या बाळाला जुलाब लागणं म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्याच दिवशी थर्माकोलचा डबा आणि बर्फाचे पॅक आणले. गोठलेले पॅक ठेवलेल्या अशा बंद डब्यात दूध २४ तासांपर्यंत राहतं. लसीकरणाच्या दिवशी नर्सताई खांद्याला निळा डबा अडकवून येतात ना, सेम टू सेम आयडिया!

तर सांगायचा मुद्दा असा, की दूध गरम कसं करायचं हा छोटा प्रश्न आहे. किती वेळ गरम ठेवायचं हा मोठा. कोमट दूध ही बाळाची सोय आणि कोमट 'ठेवलेलं' दूध ही जंतूंची सोय. म्हणून ते 'कीप वॉर्म' बटण विसरा. एकदा कोमट केलेलं दूध २ तासांच्या आत संपवा, उरलेलं पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नका, पुन्हा गरम तर अजिबातच करू नका.

मिल्क बँकेचं उदाहरण घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली. मिल्क बँकेत दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात आणि लगेच झटपट थंड करतात. कोमट अवस्थेत रेंगाळू देत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्यानं पावडरचं दूध देत असाल तर तिथेही हेच. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळून ७० अंशांच्या खाली न गेलेल्या पाण्यात ती मिसळायची आणि मग भांडं गार पाण्यात धरून कोमट होईपर्यंत निववायची. म्हणजे या दुधाला गरम नव्हे, गार करायचं असतं!

आता बाटलीबद्दल. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, आईचं दूध पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग वेळीच ओळखून उपचार करणं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं आणि २०११ पासून आशाताई देशभर अशा गृहभेटी देतात. त्या कामातून मी माझ्यापुरतं एक वाक्य घेतलंय. ऊब बाळाला द्या, दुधाची काळजी घड्याळाला करू द्या!

सरकारी मार्गदर्शनही बाटलीऐवजी वाटी-चमच्यानंच काढलेलं दूध पाजा म्हणतं. कारण साधं आहे. बाटलीचं बूच आणि चुन्या यांत दुधाचा अंश अडकतो, वाटी मात्र एका नजरेत स्वच्छ दिसते. आपल्या पणजीकडे चोचीचं बोंडलं होतं, तेही याच जातीचं. वाटी उकळा, दूध घ्या, बाळाला उभं धरून चमचा ओठाला लावा. पहिले दोन दिवस अर्धं दूध लाळेऱ्यावर जातं. तिसऱ्या दिवशी बाळ स्वतःच तोंड पुढे करतं.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनीचं बाळ तेव्हा ८ महिन्यांचं होतं. मे म्हणजे तेंदूपत्त्याचा सीझन. ती पहाटे अंधारात जंगलात जायची आणि ऊन चढायच्या आत परतायची. तिला ना २६ आठवडे, ना पंप, ना फ्रीज. निघण्याआधी बाळाला पोटभर पाजायची, हातानं काढलेलं थोडं दूध उकळलेल्या वाटीत झाकून ठेवायची, आणि पहाटेच्या गारव्यातच सासू ते चमच्यानं संपवायची. वर्किंग मदर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लॅपटॉप येतो. माझ्या डोळ्यांसमोर आता डोक्यावर पानांचा भारा येतो.

जाता जाता, 'कुठल्या कंपनीची बाटली घेऊ?' असं विचारणाऱ्या दोस्तांसाठी. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे. दुधाच्या पावडरी आणि बाळाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला त्यात बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तेव्हा नावं इथे मिळणार नाहीत. ही चिठ्ठी मात्र कापून फ्रीजवर लावा.

• डब्यावर तारीख-वेळ लिहा. जुनं आधी वापरा. काढलेलं दूध फ्रीजमध्ये ४ दिवसांपर्यंत.
• फ्रीझरमधलं दूध रात्री खालच्या कप्प्यात उतरवा. पूर्ण वितळल्यावर २४ तासांत संपवा. पुन्हा गोठवू नका.
• एका वेळी थोडंच कोमट करा. लागलं तर पुन्हा काढता येतं, उरलं तर ओतावंच लागतं.
• लाइटचा भरवसा नसेल तर गरम पाण्याचा थर्मास भरून ठेवा. थर्मासमध्ये पाणी ठेवायचं, दूध नव्हे!
• हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही. हे बाबालोकांना जरा मोठ्यानं.

बाकी सगळं सवयीनं जमतं. आज रात्रीची ड्यूटी कुणाची, तेवढं मात्र जेवणाआधीच ठरवून टाका!