पान्यालाही माप हवे

गेल्या पावसाळ्यात कापडाचे गठ्ठे गाडीत भरून आम्ही हिंगोलीहून वसमतच्या बाजाराला निघालो. औंढा मागे पडले आणि शिरड शहापूर यायच्या आत मागचे चाक बसले. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. पण चाकाचे नट काही हलेनात. आदल्याच आठवड्यात एका दुकानात त्या चाकाचे पंक्चर काढले होते आणि तेथील पोराने हवेच्या गनने नट कसले होते. त्याने हात थांबविला, तेव्हा आम्हीच वर म्हणालो होतो, "अजून घट्ट कर बेटा, लांब जायचे आहे."

आता रस्त्यावर आम्ही त्या पान्यावर उभे राहिलो. पाना घसरला, गुडघा सोलला आणि एका नटाचे कोपरे गोल झाले. जवळच्या गावातून ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक कारागीर आला. त्याने तासाभरात काम केले, पण वसमतला पोहोचेपर्यंत गिऱ्हाईक पांगले होते. एक बाजार बुडाला म्हणजे काय, हे आमच्या व्यापारी बंधूंना सांगायला नको.

त्या दिवसापासून या विषयाची आम्ही माहिती घेत आलो आहोत. आमचे मत असे झाले आहे की, आपल्याकडे 'घट्ट' आणि 'मजबूत' हे दोन शब्द एकच समजले जातात, आणि तेथेच चूक होते.

बोल्ट कसला की तो किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा. परत आखडण्याची त्याची धडपड दोन भागांना एकत्र दाबून धरते. मर्यादेबाहेर कसला तर ताण कायमचा होतो, आटे जातात, कधी बोल्टच तुटतो. चाकाचे नट कमीजास्त कसले गेले तर ब्रेकची तबकडी वाकू शकते आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते. म्हणजे जादा कसलेला नट सैल नटाइतकाच धोक्याचा असू शकतो.

मग माप किती? ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. लहान मोटारींच्या चाकाला बहुधा 100 न्यूटन-मीटरच्या आसपास असते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकावर सुमारे 20 किलोचा भार. त्याच टोकावर 70 किलोचा माणूस उभा राहिला तर साडेतीन पट जोर झाला! आम्ही गिऱ्हाइकाला कापड अंदाजाने मोजून दिले तर तो दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. आमच्या मीटरपट्टीवर शिक्का लागतो. मग ज्या चाकावर आमची मुलेबाळे बसतात, तेथे अंदाज का चालावा?

आता अडकलेला नट घरी सोडवायचा कसा, तेही सांगतो. चाक जमिनीला टेकलेले असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत, जॅक नंतर लावावा. जॅकवरच्या गाडीला हिसका देणे जिवावर बेतू शकते. हँडब्रेक ओढून समोरच्या चाकांना दगड लावावेत. तारेच्या ब्रशने आट्यांवरचा गंज काढून गंज सोडविणारे तेल टाकावे आणि थांबावे. येथे खरी कसोटी जोराची नसते, सब्राची असते. पंधरा मिनिटे तरी द्यावीत. गाडी घरीच असेल तर रात्रभर द्यावे. तेल ब्रेकवर उडू देऊ नये. मध्ये नटावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत, त्याने गंजाची पकड तुटते. तोंड उघडा असलेला पाना बाजूला ठेवून सहा कोपऱ्यांचा बॉक्स पाना पूर्ण बसवावा. दांडा लांब घ्यावा, पाना आपल्याकडे ओढावा, त्यावर उभे राहू नये. नट तरीही हलला नाही तर आधी किंचित कसण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने जोर द्यावा. उस्ताद मंडळी कधी नट तापवितात, पण चाकाजवळ टायर, ग्रीस आणि ब्रेकचे तेल असते, म्हणून घरी आगीचा खेळ करू नये. कोपरे गोल झालेच तर काम कारागिराकडे सोपवावे.

दिशाही पाहून घ्यावी. सायकलचे डावे पेडल उलट्या आट्याचे असते, हे सायकलवाल्यांना ठाऊक आहे. काही जुन्या मालमोटारींच्या डाव्या चाकांनाही उलटे आटे असत. अशा ठिकाणी सोडवतो म्हणून आपण कसतच राहतो.

इंजिनचे तेल बदलताना खालचा बोल्ट तर आणखी जपावा. पुष्कळ गाड्यांत तेथला भाग अॅल्युमिनियमचा असतो, त्याचे आटे एका हिसक्यात जातात आणि शेपाचशेच्या कामाचे हजारोंचे काम होते.

पुन्हा कसताना आट्यांवरचे तेल पुसून घ्यावे, कारण तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो. समोरासमोरचे नट आळीपाळीने कसावेत आणि शंभर किलोमीटर गेल्यावर एकदा तपासावेत. माप दाखविणारा टॉर्क पाना काही हजारांत मिळतो. ठरलेल्या मापाला 'टक्' असा आवाज आला की हात थांबवायचा. सोडविण्यासाठी मात्र तो वापरू नये, बिघडतो.

आमच्या पंक्चरवाल्या आणि गॅरेजवाल्या बंधूंमध्ये हुन्नराची कमी नाही. हवेच्या गनने पोरांचा वेळ वाचतो, हेही खरे. पण गनने नट फक्त बसवावा आणि शेवटचा हात टॉर्क पान्याने द्यावा. एवढी शिस्त ज्या दुकानात असेल, तेथे गाडी न्यायला आम्ही दहा रुपये जादा देऊ, आणि इतरही देतील. महामार्ग झाल्यापासून नांदेड-अकोला रस्त्यावर गाड्या वाढल्या आहेत, हे काम वाढतच जाणार आहे.

गिऱ्हाईक म्हणून आमचेही एक काम आहे. दुकानात उभे राहून "अजून घट्ट कर" म्हणणे सोडावे आणि "मापाने कसले का?" एवढे विचारावे. आम्ही विचारू लागलो आहोत. पहिल्या दिवशी पोरगा हसला होता.