विश्लेषण : पावसाळ्यात ‘कोल्ड एअर इनटेक’ का ठरतो धोकादायक? इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून काय करावे?

मुंबईतील हिंदमाता असो किंवा अंधेरी सबवे, मुसळधार पावसात दरवर्षी तेच चित्र दिसते : गुडघाभर पाणी आणि त्यात बंद पडलेल्या गाड्या. यातील काही गाड्या वाळल्यावर पुन्हा सुरू होतात, तर काहींचे इंजिनच खोलावे लागते. हौसेने बाहेरून ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवलेल्या गाड्यांना हा धोका अधिक असतो.

कोल्ड एअर इनटेक म्हणजे काय?

इंधन जाळण्यासाठी इंजिनाला हवा लागते. थंड हवा अधिक घन असते, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ऑक्सिजन मिळतो आणि ताकद थोडी वाढते. म्हणून कंपनीचा एअर फिल्टर बॉक्स काढून लांब पाइप आणि उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला जातो. इंजिनाच्या उष्णतेपासून दूर राहावा म्हणून हा फिल्टर अनेकदा बंपरच्या मागे, चाकाच्या पुढे, खालच्या बाजूला असतो. कंपनीच्या रचनेत मात्र हवा घेण्याचे तोंड सहसा वर, बोनेटजवळ असते. म्हणजे ज्या पाण्यातून मूळ गाडी सहज निघाली असती, तिथे बदल केलेल्या गाडीचा फिल्टर बुडालेला असू शकतो.

थोड्याशा पाण्याने इंजिन कसे बिघडते?

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. चार सिलिंडरच्या १.२ लिटर इंजिनात एका सिलिंडरची क्षमता साधारण ३०० मिलिलिटर असते. दाबाचे प्रमाण १० : १ धरले, तर पिस्टन वर आल्यावर जेमतेम ३३ मिलिलिटर जागा उरते. कटिंग चहाच्या निम्म्याहूनही कमी. त्याहून जास्त पाणी आत गेले की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. यालाच ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’ म्हणतात.

कोणते उपाय कामाचे?

फिल्टरवर चढवायचे पाणीरोधक कापडी आवरण बाजारात मिळते. ते शिंतोडे आणि पावसाचे थेंब अडवते. पण फिल्टर पाण्यात बुडाला, तर इंजिन ते पाणी ओढून घेते. चाकाच्या वरचे प्लास्टिकचे आवरण फिल्टर बसवताना काढले असेल, तर ते पुन्हा लावावे. काही जण पाइपमध्ये बायपास व्हॉल्व्ह बसवतात. फिल्टर बुडाल्यावर इंजिनाला वरून हवा मिळावी, यासाठी तो असतो. पण पाणी व्हॉल्व्हपर्यंत चढले, तर त्याचाही उपयोग नाही.

खरा प्रश्न उंचीचा आहे. खालचा पाइप काढून फिल्टर बोनेटखाली वर घेता येतो. त्यात हवा थोडी गरम मिळते, पण पाण्यापासून अंतर वाढते. सर्वात सोपा उपाय म्हणजे मूळ बॉक्स जपून ठेवणे आणि जून ते सप्टेंबर तोच लावणे.

पाण्यात गाडी बंद पडली तर?

सेल्फ मारू नका. बहुतेक जण इथेच चुकतात. पुन्हा पुन्हा स्टार्ट करण्याच्या नादात आणखी पाणी आत जाते आणि दुरुस्त होण्याजोगे इंजिनही हाताबाहेर जाते. गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढावी. पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग काढून, पाणी बाहेर काढून, तेल तपासूनच मेकॅनिकने ते सुरू करावे. रस्त्यावरचे पाणी स्थिर दिसले, तरी शेजारून बस गेली की लाट उठते आणि पातळी क्षणात वाढते, हेही विसरू नये.

विमा मिळतो का?

सर्वसमावेशक विम्यात पुराने झालेले नुकसान धरले जाते. मात्र पाणी शिरल्यानंतर गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन बिघडले, तर ते ‘परिणामी नुकसान’ ठरवून दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर दावा आणखी अडचणीत येऊ शकतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कोणतीच गाडी सुरक्षित नव्हती. पण एरवीच्या पावसात फरक पडतो तो फिल्टर जमिनीपासून किती वर आहे यानेच. तुमच्या गाडीचा फिल्टर नेमका कुठे आहे, हे पहिल्या पावसाआधी बोनेट उघडून पाहून घ्या.