दिव्याची वात कोणाच्या हाती?

ज्या यंत्राचे झाकण उघडून आत पाहता येते, त्या यंत्राला आपल्या भागातील माणूस सहसा भीत नाही. उसाच्या मळ्यातील पंप अडला, की शेतकरी प्रथम स्वतःच पाना हाती घेतो. काकतीपासून जवळच असलेल्या बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम व यंत्रकाम यांचे कारखाने उभे राहिले, तेही अशाच कसबी हातांच्या बळावर. परंतु त्याच माणसाच्या घरी लॅपटॉप आला आणि त्यात काही किरकोळ बिघाड झाला, तर तो हात मागे घेतो. 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून यंत्र पिशवीत घालतो आणि शहराची वाट धरतो. ही भीती निदान विद्यार्थ्यांच्या मनात तरी राहू नये. आणि ती घालविण्यास पडद्याच्या उजेडासारखा एक छोटासा प्रश्नही पुरेसा आहे, असे माझे मत आहे. तेच येथे मांडावयाचे आहे.

हा प्रश्न आजच पुढे येण्यास कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. पुढील 'विंडोज ११' ही प्रणाली पुष्कळशा जुन्या लॅपटॉपांवर अधिकृतपणे चालत नाही. थोरल्या भावाने वापरून धाकट्या बहिणीस दिलेले जुने यंत्र हेच ज्या घरातील एकमेव यंत्र, त्या घराने करावे काय? यंत्र मोडीत काढावे, की त्यावर लिनक्स ही विनामूल्य मिळणारी प्रणाली बसवावी? दुसरा मार्ग शहाणपणाचा आहे, यात शंका नाही. मात्र त्या मार्गावर एक अडचण अनेकांना भेटते. लिनक्स नीट बसते, मराठी अक्षरे स्वच्छ दिसतात, सारे काही सुरळीत चालते. फक्त पडद्याचा उजेड कमी होत नाही. सूर्याचे चित्र असलेली कळ दाबली, की पडद्यावर पट्टी सरकताना दिसते. दिवा मात्र जळतो तसाच जळत राहतो.

ही गोष्ट क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. परंतु रात्री अंधाऱ्या खोलीत एस. एस. एल. सी. चा अभ्यास करणाऱ्या मुलीला विचारा. प्रखर पडद्यापुढे तासभर बसले, की डोळे चुरचुरू लागतात. शिवाय लॅपटॉपच्या बॅटरीतील विजेचा मोठा वाटा पडद्याचा दिवाच खातो. वीज गेलेल्या रात्री हाच दिवा मंद करता आला, तर अभ्यासाला आणखी काही वेळ मिळतो; न आला, तर यंत्र लवकर मिटते. सारांश, प्रश्न सोयीचा नसून डोळ्यांचा आणि वेळेचा आहे.

आता या दिव्याचे स्वरूप पाहू. बहुतेक लॅपटॉपांच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. पुढे चित्र घडविणारा द्रवस्फटिकांचा थर असतो आणि त्याच्या मागे लहान दिव्यांची ओळ जळत असते. कंदिलात जशी आत वात आणि बाहेर काच, तशीच ही रचना होय. उजेड कमी करणे म्हणजे ही मागची वात खाली करणे.

ही वात खाली करण्याचा निरोप बोटापासून दिव्यापर्यंत अनेक हातांतून जातो. कळ दाबल्याची वार्ता प्रथम लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला कळते. तो ती वार्ता आपल्यासमोरील पडद्याची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यक्रमाला सांगतो. तो कार्यक्रम 'बॅकलाइट' नावाच्या कप्प्यातील एका फाईलमध्ये एक आकडा लिहितो, आणि तो आकडा वाचून कर्नल दिव्याची वीज कमी-अधिक करतो. आश्चर्य असे, की त्या फाईलचे नाव 'ब्राइटनेस' इतके साधे आहे, आणि तिच्या शेजारच्या 'मॅक्स ब्राइटनेस' या फाईलमध्ये जास्तीत जास्त आकडा कोणता, हेही लिहून ठेवलेले असते. कोठे तो १०० असतो, कोठे २५५, तर कोठे कित्येक हजार.

मग घोटाळा कोठे होतो? दिव्याला हात घालण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत, येथे. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी 'एसीपीआय' नावाची एक सामायिक नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यानुसार यंत्राच्या मूळ आज्ञावलीमार्फत दिवा कमी करता येतो. दुसरा मार्ग लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीचा स्वतःचा, आणि तिसरा थेट चित्रखंडाचा, म्हणजे ग्राफिक्सचा. जुन्या यंत्रांवर कधी कधी एकाच दिव्यासाठी दोन-दोन कप्पे दिसतात. त्यांतील एक खरा असतो आणि दुसरा नुसता नावाचा. पडद्याचा कार्यक्रम नावाच्या कप्प्यात इमानाने आकडे लिहीत राहतो, आणि खरा कप्पा कोणी पाहतच नाही. एकाच गाडीला दोन कासरे असावेत आणि गाडीवानाच्या हाती बैलाला न बांधलेला कासरा यावा, तशी ही गत.

विद्यार्थी मित्रहो, याच ठिकाणी खरा अभ्यास सुरू होतो. यंत्राला शिव्या देण्यापूर्वी क्रमाने प्रश्न विचारावेत. कळ दाबल्यावर पट्टी सरकते काय? सरकत असेल तर कळ निर्दोष आहे; दोष पुढे आहे. 'बॅकलाइट'मध्ये कप्पे किती आहेत? एकही नसेल तर ग्राफिक्सची आज्ञावलीच नीट बसलेली नाही, असा संशय घ्यावा. दोन असतील तर प्रत्येकात, व्यवस्थापकाचा अधिकार घेऊन, मधला एखादा आकडा स्वतः लिहून पाहावा. ज्या कप्प्याने उजेड बदलला, तो खरा. मात्र शून्य लिहू नये. काही यंत्रांत शून्याने दिवा अगदीच विझतो आणि पडदा काळा होतो. तसे झालेच, तर पडद्यावर तिरपा विजेरीचा झोत टाकावा. पुष्कळदा अक्षरे अंधूक दिसतात, आणि वात गेली तरी चित्र होते तेथेच आहे, हे डोळ्यांना पटते.

खरा कप्पा सापडला, की कर्नलला सुरू होतानाच एक शब्द सांगता येतो. 'एसीपीआय बॅकलाइट' या सूचनेपुढे 'नेटिव्ह', 'व्हेंडर' किंवा 'व्हिडिओ' यांपैकी एक शब्द लिहिला, की वरील तीन मार्गांपैकी कोणता धरावा, हे त्याला कळते. ही सूचना प्रथम यंत्र सुरू होतानाच्या यादीत फक्त एका वेळेपुरती लिहून पाहता येते. चुकली तर यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ती आपोआप नाहीशी होते. बरोबर ठरली, तरच ती कायमची नोंदवावी. आधी पारखावे, मग पत्करावे, हा नियम प्रयोगशाळेत शिकविला जातो. येथे तो घरच्या टेबलावर शिकता येतो.

या वाटेवर एक खोटा उपायही भेटतो, त्यापासून सावध राहिले पाहिजे. पडद्यावरील चित्रच काळपट करणाऱ्या काही आज्ञा असतात. त्या दिल्या, की उजेड कमी झाल्यासारखा वाटतो आणि आपण समाधानाने परततो. वस्तुतः मागची वात पूर्वीइतकीच भडकलेली असते. आपण केवळ काचेवर काजळी धरलेली असते. बॅटरी तशीच संपते, आणि चित्राचे रंग मात्र मळतात. दुखण्याचे कारण न शोधता लक्षण झाकणे ही सवय संगणकापुरती राहत नाही. गणिताच्या पुस्तकातील उत्तर पाहून पायऱ्या जुळविणारा विद्यार्थीही काचेवर काजळीच धरीत असतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की लिनक्स एवढी चांगली आहे, तर असा दोष तिच्यात राहावाच का? आक्षेप रास्त आहे. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपन्या आपली यंत्रे मुख्यतः विंडोजवर तपासतात, हे एक कारण. परंतु सारा दोष त्यांच्यावर ढकलणे न्यायाचे होणार नाही. एका दिव्यासाठी दोन-दोन कप्पे दाखविण्याचा गोंधळ लिनक्सने स्वतःच वर्षानुवर्षे चालू ठेवला होता. हान्स द गुडे या अभियंत्याने तो निस्तरण्याचे काम हाती घेतले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या कर्नलच्या ६.१ या आवृत्तीत नवी व्यवस्था आली. तिच्यामुळे काही जुन्या यंत्रांचा उजेड बिघडण्याचा संभव होता, म्हणून त्यांनी लोकांना आपापली यंत्रे तपासून कळविण्याचे आवाहन केले. कर्नलमध्ये अशा वेगळ्या वागणाऱ्या लॅपटॉपांची एक यादीच आहे. तिच्यातील पुष्कळशा नावांमागे कोणातरी वापरणाऱ्याने चिकाटीने कळविलेली तक्रार आहे. दोष तेथेही आहेत आणि येथेही आहेत. फरक एवढाच, की येथे दोष उघड्यावर आहे, आणि तो वाचण्याचा व सुधारण्याचा अधिकार सर्वांना आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची पहिली वार्ता जगाला देणारा लिनस टोरव्हाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांचा विद्यार्थीच होता, हे आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

दुसरा आक्षेप पालकांचा : मुलांनी अभ्यास करावा, की यंत्राशी खेळत बसावे? याचेही उत्तर प्रांजळपणे दिले पाहिजे. परीक्षेच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नये. आधी महत्त्वाच्या फाईली दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात. यंत्राचे अंग खोलून विजेच्या भागांना हात लावू नये. त्यासाठी जाणत्या कारागिराकडेच जावे, आणि त्याच्या कसबाचे मोल आनंदाने द्यावे. परंतु सुट्टीच्या दुपारी, कारण आणि कार्य यांचा धागा धरून, एकेक शक्यता बाद करीत मूळ दोषापर्यंत पोहोचणे याला खेळ म्हणावयाचे असेल, तर विज्ञान हाही असाच एक खेळ आहे.

शाळांनाही यात एक काम आहे. केरळ राज्यातील शाळांत गेली अनेक वर्षे लिनक्सवर संगणक शिकविला जातो. आय. आय. टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे प्रारंभिक पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध करून दिले आहेत. म्हणजे साधन नाही, असे म्हणण्यास जागा नाही. आपल्या प्रयोगशाळेत एक साधी वही ठेवावी. ज्या विद्यार्थ्याने आपल्या यंत्राचा दोष शोधला, त्याने यंत्राचे नाव, लक्षण, केलेले प्रयोग, फसलेले प्रयोग आणि अखेर लागू पडलेला उपाय शुद्ध मराठीत त्या वहीत लिहावा. पुढील वर्षी तेच यंत्र घेऊन येणाऱ्या मुलीला ती वही गुरूच ठरेल. इंग्रजीत पानेच्या पाने माहिती पडलेली असते. ती मराठीत न आल्यामुळे आपल्याकडील कित्येक हुशार मुले दारातूनच परततात. हे दार आपणच उघडले पाहिजे. आणि एखाद्या शिक्षकाच्या मदतीने ती नोंद कर्नलच्या कर्त्यांपर्यंत पोहोचली, तर काकतीच्या एका घरातील लॅपटॉपचे नाव त्या यादीत जाऊन जगातील तशाच प्रत्येक यंत्राचा दिवा ताळ्यावर येईल.

काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव. आपल्या घरचा वारस कोण, हे परक्याने ठरवू नये, यासाठी त्यांनी १८२४ साली कंपनी सरकारशी झुंज दिली. त्या रणसंग्रामापुढे पडद्याच्या उजेडाची गोष्ट धुळीच्या कणाएवढी आहे, हे मान्य. तरीही त्या गावच्या मुलामुलींनी एवढे तरी मनात धरावे, की आपल्या घरी जळणाऱ्या दिव्याची वात कोठे आहे, ती कशी खाली-वर होते, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. जे ठाऊक आहे त्याची भीती उरत नाही. आणि ज्याची भीती उरत नाही, ते यंत्र आपला धनी न होता आपला सेवक होऊन राहते.