विंडोज ११ चा पहिला प्रीव्ह्यू : दिसायला नवं, पण तुमच्या कॉम्प्युटरला प्रवेश आहे का?

२०२१ च्या २४ जूनला मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर केलं आणि चारच दिवसांनी, २८ जूनला, त्याचा पहिला प्रीव्ह्यू इनसायडर प्रोग्रॅममधल्या लोकांसाठी खुला केला. बिल्ड नंबर २२०००.५१. अधिकृत आवृत्ती २०२१ च्याच शेवटी येणार आणि विंडोज १० वापरणाऱ्यांना ती फुकट मिळणार, असं तेव्हा सांगितलं होतं. इथपर्यंत सगळं छान. पण सोबत हार्डवेअरच्या अटींची यादीही आली आणि तेव्हा सगळे एकच प्रश्न विचारू लागले : माझ्या कॉम्प्युटरवर हे चालेल का?

मी तेव्हा आठवडाभर हा प्रीव्ह्यू वापरला. तो कसा वाटला ते आधी सांगतो, मग या अटींकडे येऊ. कारण खरी बातमी अटींमध्येच आहे.

प्रीव्ह्यू म्हणजे काय आणि मी तो कशावर टाकला

फोनवर अँड्रॉइडचा बीटा टाकून पाहिला असेल, तर हा प्रकार तुम्हाला ओळखीचा वाटेल. सॉफ्टवेअर अजून कच्चं असतं आणि हौशी लोक ते वापरून चुका कळवतात. हा पहिला प्रीव्ह्यू ‘डेव्ह चॅनल’मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कच्च्या टप्प्यावर. शिवाय तो घेताना तुम्हाला ‘ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटा’ सुरू ठेवावाच लागायचा. म्हणजे तुमचं मशीन कसं चालतंय, काय क्रॅश झालं, याची बरीच माहिती मायक्रोसॉफ्टकडे जाते.

माझ्याकडे ऑफिसच्या लॅपटॉपशिवाय २०१७ चा एक जुना लॅपटॉप आहे. सातव्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम, एसएसडी. तो आधीपासून डेव्ह चॅनलमध्ये होता. २४ जूनच्या आधी जी मशीन डेव्ह चॅनलमध्ये होती, त्यांना अटी पूर्ण होत नसल्या तरी प्रीव्ह्यू मिळाला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वापरून कसं वाटलं?

पहिली गोष्ट दिसते ती टास्कबार. आयकॉन आता मधोमध आहेत. नको असेल तर सेटिंग्जमधून ते पुन्हा डावीकडे नेता येतात. पण अख्खा टास्कबार उचलून स्क्रीनच्या वर किंवा बाजूला लावायची सोय या बिल्डमध्ये नव्हती. या बिल्डमध्ये त्यावर राइट क्लिक केलं की फक्त ‘टास्कबार सेटिंग्ज’ येत होतं, टास्क मॅनेजर तिथून गेला होता. तो कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून उघडायचा.

स्टार्ट मेन्यूतल्या हलत्या टाइल्स गेल्या. या बिल्डमध्ये वर तुम्ही पिन केलेली ॲप्स आणि खाली अलीकडे उघडलेल्या फाइल्स, बस्स. फोनच्या होम स्क्रीनची सवय असलेल्या माणसाला हे लगेच समजतं. खिडक्यांचे कोपरे गोल झालेत, सेटिंग्जची मांडणी सुधारलीय आणि सुरू होतानाचा आवाजही परत आलाय.

मला सगळ्यात उपयोगी वाटलं ते ‘स्नॅप लेआउट्स’. मॅक्सिमाइझच्या बटणावर नुसता माउस नेला की स्क्रीनचे दोन, तीन, चार भाग कसे करायचे त्याचे नकाशे दिसतात. एका बाजूला लेक्चर आणि दुसऱ्या बाजूला नोट्स, किंवा एकीकडे कोड आणि दुसरीकडे ब्राउझर. एकाच छोट्या स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी हे खरंच कामाचं आहे.

राइट क्लिकचा मेन्यू मात्र बदललाय. कट, कॉपी वगैरे आता छोटे आयकॉन झालेत आणि बाकीचे पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत गेलेत. आपल्याकडे कॉम्प्युटर सुरू झाला की डेस्कटॉपवर चार वेळा रिफ्रेश मारायची अनेकांना सवय आहे. त्या मंडळींना या बिल्डमध्ये एक क्लिक जास्त करावं लागत होतं! (रिफ्रेश केल्याने कॉम्प्युटर फास्ट होत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

मराठी टायपिंगसाठी काही नवं शिकावं लागलं नाही. २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोजमध्ये असलेला मराठी फोनेटिक कीबोर्ड अपग्रेडनंतर जसाच्या तसा होता, आणि इनस्क्रिप्टही.

ज्याची सगळ्यात जास्त चर्चा झाली, ती अँड्रॉइड ॲप्स या बिल्डमध्ये नव्हती. पुढे ती गूगल प्लेमधून नाही, ॲमेझॉनच्या ॲपस्टोअरमधून येणार, असं तेव्हा सांगितलं होतं. कार्यक्रमात मायक्रोसॉफ्टने त्याचा नमुना दाखवला तो टिकटॉकचा, जे आपल्याकडे २०२० मध्ये २९ जूनलाच बंद झालं. त्यामुळे ‘आता फोनमधलं सगळं लॅपटॉपवर’ असं कुणी सांगत असेल तर थोडं थांबा.

आता खरा मुद्दा : अटी

किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज, ही अट अवघड नाही. अडतं ते पुढच्या तीन गोष्टींवर : टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि प्रोसेसरची यादी.

टीपीएम समजायला तुमचा फोन घ्या. फिंगरप्रिंटची माहिती फोनमध्ये फोटोंसारखी कुठल्याही फोल्डरमध्ये पडलेली नसते, ती एका वेगळ्या सुरक्षित कप्प्यात असते आणि ॲप्सना तिथे हात घालता येत नाही. कॉम्प्युटरमध्ये पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या ठेवायचा तसाच कप्पा म्हणजे टीपीएम. कधी ती मदरबोर्डवरची वेगळी चिप असते, कधी प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच असते. सिक्युअर बूटचं काम वेगळं : कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्या आधी एखादा व्हायरस घुसत नाहीये ना, हे तो तपासतो.

या दोन अटींमागचं कारण खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१७ च्या मेमध्ये वॉनाक्रायने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि पुढच्याच महिन्यात नॉटपेट्यामुळे आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तेव्हापासून खंडणी मागणारे हल्ले थांबलेले नाहीत. पाया भक्कम हवा, हे बरोबर.

पण तिसरी अट बघा. इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची, आणि एएमडीमध्ये साधारण रायझन २००० पासून पुढे. म्हणजे ढोबळमानाने २०१७ च्या शेवटानंतरची मशीन. आता गंमत अशी की २०१६ च्या जुलैअखेरीपासून नव्या विंडोज मशीनमध्ये टीपीएम २.० असलंच पाहिजे, हा नियम खुद्द मायक्रोसॉफ्टचाच. म्हणजे सहाव्या-सातव्या जनरेशनच्या कितीतरी मशीनमध्ये टीपीएमही आहे आणि सिक्युअर बूटही. मग ती बाहेर का? मायक्रोसॉफ्टचं उत्तर सुरक्षितता, विश्वासार्हता आणि जुळवणी असं तीन शब्दांत आहे. रेषा नेमकी आठवर का, हे त्यातून कळत नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतः तेव्हा विकत असलेला महागडा सर्फेस स्टुडिओ २ सातव्या जनरेशनवर होता, तोही तेव्हाच्या यादीत बसत नव्हता!

गोंधळ त्यांच्या बाजूनेही झालाय. आधी त्यांच्या एका पानावर टीपीएम १.२ सुद्धा चालेल असं होतं, मग ते बदललं. ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं ॲप सुरुवातीला कारण न सांगता नुसतं ‘नाही’ म्हणत होतं, ते २८ जूनला तात्पुरतं काढून घेतलं. त्याच दिवशी त्यांनी असंही सांगितलं की प्रीव्ह्यूच्या काळात इंटेलची सातवी जनरेशन आणि पहिली रायझन तपासून पाहू. म्हणजे यादी तेव्हा दगडावर कोरलेली नव्हती.

आता माझा सातव्या जनरेशनचा लॅपटॉप आठवा. विंडोज ११ त्यावर व्यवस्थित चाललं. पण तेव्हाच्या नियमानुसार अधिकृत आवृत्ती आल्यावर अशा मशीनना परत विंडोज १० वर जावं लागणार होतं, तेही सगळं पुसून नव्याने. एका लॅपटॉपवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे इंजिनिअर म्हणून मला मान्य आहे. पण ‘जुनं मशीन हे पेलूच शकत नाही’ हा युक्तिवाद निदान वेगाच्या बाबतीत तरी टिकत नाही.

आपल्याकडे हे कुणाला लागणार?

विंडोज १० महिन्याला १३० कोटी उपकरणांवर वापरलं जातं, असं मायक्रोसॉफ्टनेच २०२१ च्या एप्रिलमध्ये सांगितलं होतं. त्यातली सगळी काही नवीन नव्हती.

२०२०-२१ मध्ये शाळा-कॉलेज घरात आलं. ज्यांना नवा लॅपटॉप परवडला नाही, त्यांनी सेकंड हँड घेतला. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप हा या बाजाराचा मोठा भाग, आणि त्यात तेव्हा सहावी-सातवी जनरेशन भरपूर होती. लॅमिंग्टन रोडवर असेम्बल केलेला पीसी असो, गावातलं ई-सेवा केंद्र असो, नाहीतर लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवाला, ‘चालतंय ना, मग कशाला बदलायचं’ हा आपला हिशोब असतो. आणि तो चुकीचा नाही. पण २०२० च्या जानेवारीत विंडोज ७ चे अपडेट बंद झाले तरी ते त्यानंतरही कितीतरी दुकानांत दिसत होतं. मला भीती हीच वाटते. नवं मिळत नाही म्हणून लोक गप्प जुन्यावर राहतील, आणि सुरक्षेसाठी घातलेल्या अटीमुळेच असुरक्षित कॉम्प्युटर वाढतील.

आणखी एक. विंडोज ११ च्या होम आवृत्तीत पहिल्यांदा सेटअप करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागणारच आहे. अँड्रॉइड फोनवर गूगल अकाउंट टाकायची सवय असल्यामुळे आपल्याला हे साधं वाटेल. पण एकच कॉम्प्युटर अख्खं घर किंवा अख्खं दुकान वापरत असेल, तिथे अकाउंट कुणाचं, हा प्रश्न येणारच.

मग तुम्ही काय करायचं?

आधी घाई करू नका. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत अपडेट मिळणार होते. म्हणजे २०२१ मध्ये चार वर्षं हातात होती. लॅपटॉप लगेच भंगारात काढायची तेव्हा काहीही गरज नव्हती, दुकानदार काहीही म्हणाला तरी.

दुसरं, तुमचं मशीन ओळखा. विंडोजचं बटण आणि आर दाबा, ‘टीपीएम डॉट एमएससी’ इंग्रजीत टाइप करा. टीपीएम आहे का आणि आवृत्ती कोणती, ते दिसेल. प्रोसेसरचं नाव सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली असतं. आय५-७२०० म्हणजे सातवी जनरेशन, आय५-८२५० म्हणजे आठवी. आय३-१००५ म्हणजे मात्र दहावी, पहिली नव्हे!

तिसरं, टीपीएम सापडला नाही तर लगेच निराश होऊ नका. असेम्बल केलेल्या पीसीमध्ये तो बऱ्याचदा असतो, पण बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. इंटेलमध्ये त्याचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. फक्त बायोसला हात लावण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, आणि बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. कॉम्प्युटर जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने सुरू होत असेल, तर तो बदल जाणकाराकडूनच करून घ्या.

चौथं, सेकंड हँड लॅपटॉप घेणार असाल, तर रॅमच्या आधी जनरेशन विचारा. सातवी किंवा त्याखालची असेल, तर ‘याला विंडोज ११ मिळेलच असं नाही’ हे धरूनच भाव करा. स्वस्त मिळत असेल आणि तुमच्या कामाला पुरणार असेल, तर तो सौदा वाईट नाही. पुढे लिनक्सचा पर्याय आहेच. ब्राउझर, ऑफिसचं काम, मराठी टायपिंग, सगळं त्यावर होतं.

पाचवं, असा प्रीव्ह्यू ज्या मशीनवर तुमचा अभ्यास किंवा पोट अवलंबून आहे, त्यावर टाकू नका. अपग्रेड केल्यावर परत जायला साधारण दहा दिवस मिळतात, त्यानंतर सगळं पुसूनच मागे जावं लागतं. जास्तीचं मशीन असेल तर मात्र जरूर टाका आणि ‘फीडबॅक हब’मध्ये लिहा. विशेषतः सातवी जनरेशन असेल आणि ते नीट चालत असेल, तर ते लिहाच. जुन्या मशीनवर हे कसं चालतं याची नोंद जितकी जास्त होईल, तितका आपला मुद्दा पक्का होईल.