तैलरंगाची पाटी आणि खडूचा फळा
(द्वितीय वर्ष कला)

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन आपला पालघर जिल्हा झाला. तरी मासवणच्या बाजूला एखाद्या जुन्या पाटीवर 'जि. ठाणे' अजून दिसते. तैलरंगाने लिहिलेले कोण पुसणार? त्याने कोणाचे बिघडतही नाही. पाहुणा विचारत विचारत घरी पोहोचतोच. परंतु हीच सवय बोईसरच्या रासायनिक कारखान्यात चालली तर?

माझा दादा तेथे कंत्राटदाराकडे कामाला जातो. घरात इंग्रजी वाचणारा मीच पहिला, म्हणून एकदा त्याने पिंपातल्या रसायनाच्या माहितीपत्रकाची झेरॉक्स आणली. "अंगावर उडालं तर काय करायचं, तेवढं सांग," म्हणाला. सांगितले. पण शेवटच्या पानावरची तारीख दहा वर्षांपूर्वीची होती, आणि माल तर गेल्या पावसाळ्यापासून दुसऱ्याच कंपनीचा येतो आहे! त्याची तीव्रता तीच आहे का, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नव्हता. कारखाना कोणता ते लिहीत नाही. दादाला उद्याही तेथेच जायचे आहे.

कायदा नाही असे नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन, धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही देण्याचे बंधन आले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत तर असे आहे की, धोक्याविषयी महत्त्वाची नवी माहिती मिळताच ती शक्य तितक्या लवकर पत्रकात घालावी. म्हणजे पत्रक एकदा छापून भिंतीला चिकटवले की संपले, असे नव्हे.

संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये आणलेल्या पद्धतीत या पत्रकाचे सोळा भाग असतात. प्रथमोपचार चौथ्या भागात, आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली ते थेट सोळाव्यात! तज्ज्ञांना ही मांडणी सोयीची असेल. माझ्या मते तारीख सर्वांत वर हवी.

आमच्या प्राथमिक शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज तारीख, पट आणि हजर मुले लिहिली जात. कालची तारीख दिसली की फळा कोणी पुसला नाही, हे पहिलीच्या पोरालाही कळे. कारखान्यात तसे का नसावे? पाण्याचा नळ कोठे, पळायचे कोणत्या दाराने, हे बदलत नाही. ते खुशाल रंगवावे. पण आज पिंपात काय आहे, कोणाचा माल, पाळीवर जबाबदार कोण, हे खडूने लिहावे आणि लिहिणाऱ्याने खाली सही करावी. मराठीत लिहावे, हिंदीतही लिहावे. दादाच्या पाळीत निम्मे लोक बिहार-उत्तर प्रदेशचे आहेत.

कोणी म्हणेल, आता हे सारे संगणकावर असते. एका ठिकाणी बदलले की सगळीकडे बदलते. खरे आहे, आणि मूळ प्रत तशी एकच असावी. पण कंत्राटी कामगाराला संगणकापाशी कोण बसवतो? आणि मोबाइल म्हणाल, तर तो गेटवरच जमा करून घेतात.