दार उघडेपर्यंत

पाऊस सुरू झाला की बहुतेक बालवाड्यांत चिऊ-काऊची गोष्ट निघते. कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो भिजत चिमणीच्या मेणाच्या घराच्या दाराशी येतो, इथवर मुलं श्वास रोखून ऐकतात. गोष्ट संपते आणि लगेच चिमणीच्या चित्राची झेरॉक्स वाटली जाते. तपकिरी खडू, पिसांच्या जागी कापूस, खाली मुलाचं नाव. अर्ध्या तासात तीस चिमण्या भिंतीवर, पालकांच्या ग्रुपवर फोटो, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट.

कापूस चिकटवताना बोटांना काम मिळतं, ते मी नाकारत नाही. पण चिमणीऐवजी ससा असता तरी तोच कापूस चालला असता. गोष्टीवरचा उपक्रम ठरवताना मी एवढंच पाहते, की ही गोष्ट काढून तिथे दुसरी ठेवली तर उपक्रम अडतो का? अडत नसेल, तर गोष्ट केवळ निमित्त झाली आहे.

हे मला एका मुलीने शिकवलं. डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या बालवाडीत मी पाहायला गेले होते. ताई छान सांगत होत्या. कावळ्याचं घर वाहून गेलं, तशी साडेचार-पाच वर्षांची एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, आमचं घर शेणाचंच आहे, ते कुठे वाहतं? खरंच होतं तिचं. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, जमीन सारवलेली. ताई गप्प, मीही गप्प. शेणाचं घर म्हणजे कच्चं, आळशाचं घर असं मी किती वर्षं सांगत आले होते, आणि समोर सारवलेल्या घरातली मुलं बसलेली असायची!

ताईंनी गोष्ट तिथेच थांबवली, आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं. दुसऱ्या दिवशी मुलांनी शेणाची दोन घरं केली. एक ताजं ओलं ठेवलं, दुसरं आधी उन्हात, मग चुलीजवळ चांगलं खडखडीत वाळवलं. तिसरं मेणबत्तीच्या तुकड्यांचं. ताटात ठेवून वर झारीने पाऊस पाडला. ओलं घर बघता बघता ढासळलं. मेणाच्या घरावरून थेंब घरंगळले. वाळलेलं घर मात्र उभं राहिलं, फक्त कडा मऊ पडल्या. मुलं बराच वेळ बोटांनी चाचपत होती. मग एकाने निकाल दिला, की कावळ्याने घर वाळूच दिलं नाही, आधीच राहायला गेला. शेणाची बदनामी तिथे संपली. हात साबणाने धुवायला हवेत, हे वेगळं सांगायला नको. शहरात शेण मिळत नसेल तर माती घ्या. वाळलेली माती शेणाइतकी टिकत नाही. तिच्यात गवताचे तुकडे कालवून पाहा, मग कूड लिंपताना शेण का घालतात याचाही अंदाज मुलांना येतो.

याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडला गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, आणि विकतच्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पानं वापरायची, हे त्यांनी तिथे करून दाखवलं. रंगीत छापील संच हाताशी असताना आपण ते विसरतो.

गोष्टीचा खरा जीव मात्र घरात नाही, दारात आहे. चिमणी दार उघडत नाही. बाळाची अंघोळ, पुसणं, तीट, दूध, झोपवणं, एकेक कारण निघतं आणि कावळा बाहेर कुडकुडतो. क्रम लावायला चित्रांचे संच नकोत. खरी बाहुली, टोपलं, टॉवेल द्या. तीन वर्षांची मुलंही दूध आधी की अंघोळ आधी यावर भांडतात, कारण घरी धाकटं भावंड असतं. नाटक करायला लागलो की चिमणी व्हायला सगळे तयार. एका वर्गात कधी फारसं न बोलणाऱ्या मुलाने विचारलं, मी दार होऊ? तो हात पसरून उभा राहिला आणि प्रत्येक वेळी कावळ्याने ठोठावल्यावर त्याचं सगळं अंग शहारत होतं. चौथ्या दिवशी तो कावळ्याच्या कानात म्हणाला, थांब, आता उघडतो. गोष्ट एकदाच सांगून संपवली असती तर तो चौथा दिवस आला नसता. म्हणून माझा आग्रह आहे, एक गोष्ट निदान दोन आठवडे राहू द्या.

शेवटाबद्दल ताई वारंवार विचारतात. काही घरांत चिमणी कावळ्याला तापल्या तव्यावर बसवते, काही घरांत तो रात्री गुपचूप फुटाणे खातो. कोणता सांगायचा? तुम्ही ज्या घरात वाढलात तिथला सांगा, पण तव्याचा असेल तर मुलांचे चेहरे पाहत सांगा. कोणी रडवेलं झालं तर समजूत घालायची घाई करू नका. त्यालाच विचारा, कावळ्याला आता काय हवं असेल?

आणखी एक प्रश्न मुलांकडून येतोच, की उन्हाळ्यात चिमणीचं घर काय करतं? मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. उत्तर देऊ नका. मेणाचं छोटं घर खिडकीत जपून ठेवा आणि मेमध्ये काढा.

सप्टेंबरच्या अंकात आम्ही मुलांची वाक्यं छापणार आहोत. चिमणीने दार उघडलं त्या क्षणी तुमच्या वर्गात कोण काय म्हणालं, ते मुलाच्याच बोलीत, न सुधारता, २० ऑगस्टपर्यंत लिहून पाठवा. मुलांची नावं नकोत, वय तेवढं लिहा.